उशिरा येणाऱ्यांची खिडकी

उल्हास पोंक्षे एखादं घर मोजायला जातो तेव्हा पुढच्या दाराने कधी आत शिरत नाही. आधी मागच्या अंगाला जातो, गटारं बघतो, न्हाणी बघतो, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवतो आणि मगच टेप काढतो. पुढची बाजू घर लोकांसाठी नटवतं, खरं काय ते मागे बोलतं, असं त्याचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षं तो सिंगापुरात जुन्या इमारतींचे नकाशे काढतोय. आता ऑफिसात लेझरचे स्कॅनर आले. नवी मंडळी ते यंत्र खोलीच्या मधोमध उभं करतात आणि कॉफी प्यायला जातात. हा मात्र अजून पोलादी टेप आणि पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर रांगतो. हट्टी आहे. पण त्याच्या मापात अर्ध्या इंचाची चूक आजवर कोणाला सापडलेली नाही, म्हणून त्याचा साहेब अश्विन, वयाने वीस वर्षांनी लहान असूनही, त्या हट्टाच्या वाटेला जात नाही.

असा हा मोजूनमापून जगणारा माणूस. क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. बायको नीता लहान मुलांच्या शाळेत शिकवते, मुलगी कादंबरी नोकरीसाठी मेलबर्नला असते. शनिवारी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत नाश्ता, गणपतीत मंडळाच्या आरतीला हजेरी, बाकी आपण बरं आणि आपलं काम बरं. त्याच्या आयुष्यात एकच गोष्ट मापात बसलेली नव्हती, आणि ती म्हणजे त्याचे वडील.

मोरेश्वर पोंक्षे मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. शेवटची गाडी चुकलेला माणूस बाकावर बसलेला दिसला की ते त्याला सरळ घरी घेऊन यायचे. उल्हासची आई कपाळाला हात लावायची आणि मग उरलंसुरलं पानात वाढायची. ती गेली त्यानंतर मोरेश्वरराव एकटे पडले. दर दिवाळीला फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी, अगदी सहज सुचल्यासारखं विचारायचे, "जागा आहे का रे तुझ्याकडे?" उल्हास म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. एक वर्ष कादंबरीची ओ-लेव्हलची परीक्षा, मग ए-लेव्हलची. तिला वेगळी खोली हवी, फ्लॅट लहान, व्हिजिट पासची कटकट. कारणं खोटी नव्हती. पण खरी कारणं माणूस किती वर्षं देत राहतो, यालाही काही सुमार असतो की नाही? मोरेश्वरराव कधी रुसले नाहीत. "बरं बरं, घाई नाही," एवढं म्हणून फोन ठेवायचे. असं अकरा वर्षं चाललं.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात ते गेले. विमानं बंद होती. मिरजेतला चुलतभाऊ रुचिर याने सगळं केलं. दहाव्या दिवशी त्याने फोन घाटाच्या कठड्यावर टेकवून ठेवला आणि उल्हास व नीता इथे पलंगाच्या कडेवर बसून बघत राहिली. पिंड मांडला होता. कावळे होते, चांगले सात-आठ होते, पण एक जवळ येईना. मंडळींनी हात जोडून जे जे सुचेल ते कबूल केलं. घर विकणार नाही म्हणून सांगितलं, उल्हासची काळजी करू नका म्हणून सांगितलं, बागेतल्या आंब्याला पाणी घालू असंही कोणीतरी म्हणालं. दोन तास गेले. ज्याने बोलायचं तो साडेतीन हजार किलोमीटरवर बसला होता आणि काय बोलायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण फोनमधून, दहा माणसांच्या देखत ते त्याच्या तोंडून निघेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि मंडळी उठली. पुढे सहा महिन्यांनी कादंबरी मेलबर्नला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. त्या खोलीचं दार उल्हास बंदच ठेवतो.

तेव्हापासून त्याला एक कावळा हवा होता. खराखुरा, काळा, माणसासमोर येऊन पानाला चोच लावणारा. हसू येण्यासारखी मागणी आहे, पण तो तिच्यावर झुरत होता. सिंगापुरात पक्ष्यांना खायला घालणं कायद्याने बंद, दंड होतो. शिवाय नवव्या मजल्याच्या खिडकीत पान ठेवायचं तरी कुठे? तीन वर्षं पितृपंधरवड्यातलं पान संध्याकाळी तसंच उचलून कचरा खाली सोडायच्या झडपेत टाकावं लागलं.

यंदा भाद्रपदात त्याच्याकडे सराईचं काम आलं.

बुकित तिमा रोडवरून आत, जुन्या नवव्या मैलाच्या अंगाला, पर्जन्यवृक्षांच्या दाटीत ही सराई उभी आहे. शहरातून उत्तरेच्या धक्क्याकडे घोडागाड्या जायच्या तेव्हाची. उतारू इथे थांबायचे, तट्टं बदलायची, पुढची वाट सकाळी. पोर्च इतका उंच की गाडीवान आपल्या बैठकीवर ताठ बसून आत यावा. खाली उतरायला घासून गुळगुळीत झालेली दगडी पायरी. आत लांबलचक जेवणघर, वर सहा खोल्या, खोल्यांमधल्या भिंती छतापासून हातभर खालीच थांबलेल्या, वारा खेळावा म्हणून. म्हणजे एकाचा खोकला सहाही जणांना ऐकू जात असणार. चुना मद्रासी पद्धतीचा, अंड्यातला पांढरा भाग आणि गूळ घालून घोटलेला, अजून संगमरवरासारखा थंड लागतो. मागे बारा तट्टांचा तबेला, फरशीला पाणी वाहून जाईल असा उतार, भिंतीत लोखंडी कड्या. इतकं नेटकं बांधकाम उल्हासने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तो खूश होता.

मागचं दार मात्र त्याला आवडलं नाही. चेंगल लाकडाचं, चार बोटं जाड, आतून आडवा लोखंडी अडसर. इतकं भक्कम दार पुढेसुद्धा नव्हतं. आणि दाराच्या शेजारी भिंतीत एक खिडकी, ताट आडवं जाईल एवढीच. बाहेरच्या बाजूने तिच्याखाली एक माणूस बसेल इतका दगडी कट्टा होता. आतल्या बाजूने ती कोणीतरी कधीच विटांनी बुजवून वर गिलावा केला होता.

अश्विनने पाठवलेल्या जुन्या कागदांत तिचा उलगडा होता. त्या काळी या टेकड्यांत वाघ होते आणि ते माणसं उचलून न्यायचे. म्हणून सराईचा नियम असा, की दिवस बुडताना घंटा व्हायची, दारं लागायची आणि मग पहाटेपर्यंत कोणासाठीही उघडायची नाहीत. गाडीचं चाक मोडून किंवा तट्टू मरून मागे राहिलेला एखादा उतारू चालत चालत अंधार पडल्यावर पोचला, तर त्याने मागे यायचं आणि खालच्या कट्ट्यावर बसून भिंत वाजवायची. खिडकीतून त्याला ताट मिळायचं. ताट मिळायचं, दार नाही. सराईच्या रोजनिशीत एका पावसाळ्यातल्या तीन ओळी होत्या. 'मागे एक माणूस आला. ताट दिले. सकाळी ताट होते.' माणसाचं नाव नव्हतं, कुठला होता तेही नव्हतं. उल्हासने त्या ओळी दोनदा वाचल्या, कागद मिटला आणि खिडकीचं माप घेतलं.

सराईची राखण करायला कोह अंकल असायचे, सत्तरीचे चिनी गृहस्थ, सोबत दोन कुत्री. कुत्री साऱ्या आवारात हिंडायची, फक्त मागच्या कट्ट्याच्या बाजूला जायची नाहीत. का, ते उल्हासने विचारलं नाही, कारण त्याचं लक्ष वर होतं. पर्जन्यवृक्षांवर कावळे होते. मिरजेसारखे, भांडखोर, गळ्याशी राखाडी.

मोरेश्वररावांची तिथी द्वादशी, ती गुरुवारी होती. सकाळी घरी लॅपटॉपवर गुरुजींनी नाव-गोत्र घेऊन जे करायचं ते करवून घेतलं. नीताने पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला होता. भात, कढी, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि गव्हल्यांची खीर, कारण मोरेश्वरराव जेवायला बसले की आधी खिरीला हात घालायचे आणि त्यावरून बायकोची बोलणी खायचे. टेक्का मार्केटातून आणलेलं केळीचं पान गुंडाळून, डबा पिशवीत घालून उल्हास कामावर निघाला.

"तिथे कशाला ठेवतोस?" नीता म्हणाली. "दुसऱ्यांची जागा ती. आणि चिन्यांचा सातवा महिना चालू आहे, माहितीये ना?"

खरंच होतं. यंदा त्यांचा भुकेल्या भुतांचा महिना आणि आपला पंधरवडा एकाच अमावास्येला संपत होता. प्रत्येक ब्लॉकखाली उदबत्त्या आणि संत्री मांडलेली होती. पण उल्हास म्हणाला, "तिथे कावळे आहेत गं," आणि नीताने दार उघडून दिलं.

भर दुपारी साडेबाराला त्याने मागच्या कट्ट्यावर पान मांडलं, सगळं वाढलं, खिरीचा द्रोण ठेवला. जरा आडोसा हवा म्हणून पान खिडकीच्या कोनाड्यात आत सरकवलं आणि तो दहा पावलं मागे उभा राहिला. वर कावळे होते. ओरडत होते ते गप्प झाले. एकही खाली उतरेना.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने हात जोडले आणि चार वर्षं घशात अडकलेलं बोलायला तोंड उघडलं. 'बाबा' म्हणायला गेला तर आवाज फुटेना. वडिलांचं नाव तर मुलगा तोंडाने घेत नसतोच. म्हणून तो नुसतंच म्हणाला, "चला आता. किती वाट बघायची? माझ्याकडे चला. घरी चला."

हे तो कट्ट्याकडे बघून म्हणाला.

कावळे एकदम उडाले, सगळेच्या सगळे, आणि रस्त्यापलीकडे गेले. उल्हासला रडू आलं. तो नळाशी जाऊन तोंड धुऊन आला. परत येऊन बघतो तर पान साफ होतं. भाताचं शीत नाही, कढीचा ओघळ नाही. कावळा खातो तेव्हा निम्मं सांडतो, कुत्रं खातं तेव्हा पान फाडतं. हे पान कोणीतरी बोटांनी निपटून घेतलं होतं. खिरीचा द्रोण तेवढा जसाच्या तसा, काठोकाठ, हात न लावलेला.

उल्हासने तो द्रोण उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी ओतला. असं का केलं ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नंतर त्याने कोनाड्यात हात घालून पाहिला. आत विटा होत्या, घट्ट, कोरड्या, बोटभरही फट नव्हती.

कोह अंकल कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी किती पाहिलं होतं कोण जाणे.

"यू प्रे ऑलरेडी?" त्यांनी विचारलं. उल्हासने मान हलवली, वडिलांसाठी म्हणून सांगितलं.

"नेम यू राइट ऑर नॉट? ऑन पेपर?" उल्हासने नाव लिहिलं नाही म्हणून सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने जिभेने च्च केलं. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत सावकाश समजावलं. आम्ही वाडवडिलांना काही पाठवतो तेव्हा वर नाव लिहितो. नाव नसेल तर जो जवळ उभा असेल तो घेतो, त्यात त्याची काय चूक? आणि या महिन्यात हाक मारायची नाही, घरी तर बोलवायचंच नाही. "यू नेव्हर कॉल एनिबडी होम, राइट?"

"नाही," उल्हास म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत त्याने कामाच्या जागी बोललेलं हे पहिलं खोटं.

त्याच संध्याकाळी सात वाजून गेल्यावर, बाहेर अजून उजेड रेंगाळत होता तेव्हा, फ्लॅटच्या जाळीच्या गेटवर टकटक झाली. बेल नाही, टकटक, आणि तीही खाली, गुडघ्याच्या उंचीवर. नीता उठली, लाकडी दार उघडून जाळीतून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता. शेजारच्यांच्या दिव्याचा लाल उजेड आणि कुठून तरी ओल्या गवताचा, जनावराच्या अंगाचा वास.

"खाली बसून कोणीतरी वाजवल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. उल्हासचं तोंड उजळलं होतं. मग ती जेवायला वाढू लागली आणि टेबलाशी थबकली. तिने तीन पानं घेतली होती.

शुक्रवारी सकाळी दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवरच्या सगळ्या चपला एका बाजूला सारलेल्या होत्या. फेकलेल्या नव्हेत, नीट जोडीने लावलेल्या. उरलेल्या जागेत एक माणूस अंग चोरून बसला असता. उल्हास त्या जागेकडे बघत उभा राहिला आणि नंतर आत जाऊन त्याने कादंबरीच्या खोलीचं दार उघडलं, पंखा लावला, पलंगावरची खोकी काढली.

"काय करतोयस?"

"बाबा आलेत, नीता," तो म्हणाला. छप्पन वर्षांचा माणूस, पण आवाज सातवीतल्या पोराचा. "मी बोलावलं त्यांना. आले ते."

नीता घाबरली. भुताला नव्हे, नवऱ्याच्या तोंडावरच्या आनंदाला. संध्याकाळी पुन्हा टकटक झाली तेव्हा ती त्याच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली. "बाबा असते तर बेल वाजवली असती," ती कुजबुजली. "बाबा असते तर खालूनच हाका मारत आले असते, सबंध ब्लॉक गोळा केला असता. हे कोण आहे, उल्हास? हे असं खाली बसून का वाजवतं?"

"दमले असतील."

"उघडायचं नाही."

त्याने उघडलं नाही. टकटक तीनदा झाली आणि थांबली. गेल्याचा आवाज मात्र आला नाही. दोघं दिवाणखान्यात बसून राहिली, टीव्ही न लावता, आणि दाराच्या पलीकडे कोणीतरी तसंच बसून राहिलंय हे दोघांनाही कळत होतं.

शनिवारी उल्हास सराईवर गेला. नकाशात मागच्या भिंतीची दोन मापं राहिली होती, निदान तसं त्याने स्वतःला सांगितलं. गेटातून आत शिरला आणि बघतो तर कोह अंकलची दोन्ही कुत्री मागच्या कट्ट्याला अंग लावून, पाय ताणून झोपलेली. म्हातारा खुर्ची घेऊन बाजूलाच बसला होता.

"थर्टी इयर्स आय वर्क हिअर," तो म्हणाला. "डॉग नेव्हर कम दिस साइड. नाऊ ही नॉट हिअर, सो डॉग कम लाह." आणि उल्हासकडे रोखून बघत, "ही फॉलो यू, आह?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. उल्हासने सांगितलं. म्हातारा रागावला नाही, हसलाही नाही. त्याने उपाय सांगितला. उद्या महिना संपतो, उद्या सगळ्यांनी परत जायचं असतं. जो राहिला तो राहिला. उद्या तो वाजवेल तेव्हा दार उघडू नकोस. आतून तीनदा सांग, ही तुझी जागा नाही, परत जा. "यू कॉल, यू सेंड बॅक. मस्ट बी यू."

बसमध्ये उल्हासने खिशातून नकाशाचा कागद काढला आणि तो उलटा करून त्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं, मग खोडलं, मग मराठीत लिहिलं. कोणत्या भाषेत सांगायचं हे विचारायचं राहिलंच होतं.

घरी येऊन त्याने नीताला खिरीबद्दल सांगितलं. पान कसं निपटलेलं होतं आणि द्रोण कसा काठोकाठ होता.

"म्हणजे तुला तिथेच कळलं होतं."

"हो."

"बाबा नाहीत हे माहीत असून तू ती खोली झाडलीस."

"हो," तो म्हणाला. "वाटलं, असतील. कोणीच न येण्यापेक्षा..." नीताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्या मागे कोणी नाही, त्या सगळ्यांचा दिवस. खाली पटांगणात लोक पत्र्याच्या पिंपांतून कागद जाळत होते, राख नवव्या मजल्यापर्यंत वर येत होती. नीताने साधा वरणभात केला, कारण दोघांनाही भूक नव्हती. साडेसहापासून उल्हास दाराशी खुर्ची टाकून बसला होता. लाकडी दार उघडं, जाळीचं गेट बंद, त्यावर जाडसा पडदा ओढलेला.

सात वाजून पाच मिनिटांनी गेटवर टकटक झाली. खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

उल्हास उभा राहिला. "ही तुमची जागा नाही," तो म्हणाला. "परत जा."

बाहेर शांतता. कोणीतरी ऐकतंय अशी शांतता.

"ही तुमची जागा नाही. परत जा."

आणि मग तो आवाज आला. आदळआपट नाही, ओरडणं नाही, पडदासुद्धा हलला नाही. बराच वेळ बसलेला म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठतो तेव्हा जो सुस्कारा निघतो, तेवढाच. बाहेरचा उठत होता. त्याला एवढं पुरे होतं. तिसऱ्यांदा सांगायची गरजच नव्हती, जागा नाही म्हटलं की उठायची त्याला किती वर्षांची सवय होती देव जाणे. मग दोन चपला घासत निघाल्या. लिफ्टकडे नव्हे, जिन्याकडे. अंधार पडत होता आणि नऊ मजले खाली उतरायचे होते.

उल्हासला वाटलं, मी हे ऐकलेलं आहे. अकरा दिवाळ्या ऐकलंय. फोन ठेवण्याच्या आधी पलीकडे जो श्वास सुटायचा तो हाच, आणि तेव्हा त्याला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्याची त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

"उल्हास, नको," नीता म्हणाली.

त्याने पडदा सारला, किल्ली फिरवली आणि जाळीचं गेट भिंतीला आदळेपर्यंत उघडलं.

"थांबा," तो कॉरिडॉरमध्ये ओरडला. "अहो थांबा. जागा आहे. आत या."

चपला थांबल्या. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. खाली कागद जळत होते, कोणाच्या तरी घरात टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मग ओल्या गवताचा वास जवळ आला, उल्हासच्या छातीपाशी क्षणभर थबकला आणि त्याला वळसा घालून, धक्का न लावता, अंग चोरून आत गेला. नीता भिंतीला चिकटून उभी होती. तिच्याही समोरून तो गेला असावा, कारण तिने डोळे मिटून घेतले आणि हात नकळत जोडले.

कादंबरीच्या खोलीत पलंग करकरला. आधी एकदा, बसल्याचा. मग थोड्या वेळाने लांबलचक, आडवं झाल्याचा. भिंतीकडे तोंड करून कोणीतरी कूस बदलली आणि मग संथ, जड श्वास ऐकू येऊ लागला, दीडशे वर्षं जागलेल्या माणसाचा.

तो श्वास अनोळखी होता. त्यात वडिलांचं काही म्हणजे काही नव्हतं. उल्हास त्या दाराशी उभा राहून कान देऊन ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याला चार वर्षांत पहिल्यांदाच नीट कळलं की बाबा आता येणार नाहीत. या पंधरवड्यात नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. तो तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला, दहाव्या दिवशी रडायचं राहून गेलं होतं तसा.

नीता त्याच्याजवळ आली नाही. ती आतल्या कपाटाशी गेली, वरच्या कप्प्यातून धुतलेली चादर काढली, आणि पाय न वाजवता येऊन ती त्या खोलीच्या दाराशी ठेवली.

"पंखा चालू आहे," ती हळूच म्हणाली. "त्यांना थंडी वाजेल."